कविता, सतरंजी आणि तुमचे निरोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी पुण्यात कवितेच्या बैठका घेते. त्याबद्दल विचारणारे निरोप सतत येतात, बरेचसे रात्री अकरानंतर, आणि त्यांतले बहुतेक प्रश्न तेच ते असतात. उत्तरं देऊन देऊन माझीच वाक्यं मला पाठ झाली, तेव्हा ती एकदा नीट लिहून काढली. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. यात ज्यांचा उल्लेख आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नावं बदललेली नाहीत, कारण दिलेलीच नाहीत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ४ वाचा.

१. तुम्ही नेमक्या कोण? कवयित्री, शिक्षिका की समुपदेशक?

सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे रस्त्यात कोणीही कोणालाही 'बाई' अशी हाक मारली तरी मी वळून बघते. कविता कॉलेजपासून लिहिते. दोन संग्रह निघाले, उरलेल्या प्रती पलंगाखाली आहेत. समुपदेशक मात्र मी नाही. ते वेगळं शिक्षण आहे आणि ते मी घेतलेलं नाही. आठवड्याला तीन बैठका असतात: मंगळवारी दुपारी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत बायकांची, गुरुवारी सकाळी कोथरूडमध्ये ज्येष्ठांची आणि शनिवारी मुलांची.

२. बैठकीत होतं काय? भजनी मंडळासारखं असतं की वर्गासारखं?

दोन्ही थोडं थोडं. सतरंजीवर गोल बसायचं. सुरुवातीला प्रत्येकीने एकच सांगायचं: येताना वाटेत काय दिसलं. 'काही नाही' हे उत्तर चालत नाही. मग मी एखादी ओवी किंवा कविता वाचते आणि एक साधा विषय देते. 'घरातली टाकवत नाही अशी वस्तू', 'आईचा आवाज', 'बंद दार' असं काहीतरी. बारा मिनिटं लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्या शेजारणीला सांगतात आणि ती लिहून घेते. मग वाचन.

नियम दोनच आहेत. सल्ला द्यायचा नाही आणि वाहवा करायची नाही. ऐकणाऱ्याने फक्त 'मला हे ऐकू आलं' एवढं म्हणायचं आणि त्यातला एखादा शब्द परत द्यायचा. सल्ल्यावरचा नियम सगळ्यांना लगेच पटतो, वाहवावरचा कोणालाच पटत नाही. पण एकदा वाहवा सुरू झाली की पुढच्या वेळी माणूस टाळीसाठी लिहायला लागतो, आणि ज्याला टाळी मिळाली नाही तो महिनाभर येत नाही. हे मी माझ्या हौशीपायी पहिल्या वर्षी करून बसले आहे.

एक उदाहरण देते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. त्यानंतर काही महिन्यांनी, 'पाणी' असा विषय न देताही, एका ताईंनी या दोन ओळी सांगितल्या:

पाणी शिरलं घरात, डबा पिठाचा तरला
लेक कडेवर म्हणं, आई गणपती चालला

पूर आला तेव्हा विसर्जन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, पोराच्या डोळ्यांत तेच होतं. ऐकल्यावर कोणीच काही बोललं नाही. मग एक जण म्हणाली, 'मला डबा ऐकू आला.' दुसरी म्हणाली, 'माझा पण.' त्या दिवशी पुढचा पाऊण तास कोणाचं काय काय तरंगत गेलं हीच यादी होत राहिली, आणि मधेच सगळ्या हसायला लागल्या, कारण एकीची सासू त्या गडबडीत कुकरचं फक्त झाकण घेऊन बाहेर पळाली होती.

३. कवितेने 'हीलिंग' होतं म्हणतात. खरंच होतं का? काही शास्त्रीय आधार?

हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही. वस्तीतल्या बायका म्हणतात 'मोकळं वाटलं', आणि मला तो शब्द जास्त अचूक वाटतो. केस मोकळे, रस्ता मोकळा, हात मोकळा, बाळंतीण मोकळी झाली. यात कुठेही दुखणं संपलं असं म्हटलेलं नाही. अडकलेलं सुटलं, एवढंच. बाळंतिणीचं काम तर त्यानंतरच सुरू होतं.

आधार आहे, पण बेताचा. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींना मनावर घाव करून गेलेल्या प्रसंगाबद्दल, काहींना किरकोळ विषयावर. घावाबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतर असे ढीगभर प्रयोग झाले. एकत्र पाहता परिणाम दिसतो, पण लहान. तेव्हा 'कविता लिहा आणि नैराश्य घालवा' अशी जाहिरात दिसली तर पुढे चला.

त्या प्रयोगातली मुलं एकटी बसून लिहीत होती. आमच्याकडे लिहिलेलं कोणीतरी ऐकतं, आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त काम ते ऐकणं करतं. अर्थात हा अनुभव झाला, पुरावा नव्हे.

४. माझ्या गोळ्या चालू आहेत. बैठकीला यायला लागल्यावर बंद करता येतील का?

नाही. गोळ्या तुमच्या डॉक्टरांनी सुरू केल्या, त्यांनाच विचारून कमी करायच्या.

हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. तिसऱ्या वर्षी एक जण महिनाभर फार खुलून लिहायला लागल्या होत्या. मी कौतुकाने म्हटलं, 'बघा, किती बदल झाला!' त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता औषधाची गरज उरली नाही. मला कळलं तेव्हा त्या दोन आठवडे झोपल्या नव्हत्या. पुढे सावरल्या, पण ते वाक्य मी बोलले होते. तेव्हापासून पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच असतं: ही बैठक आहे, उपचार नाहीत.

जीव नकोसा वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर बैठकीच्या वाराची वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्यात 'मुक्तांगण' आहे. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. तिथून उपचार घेऊन आलेले दोघे आमच्या गुरुवारच्या बैठकीत आहेत आणि दोघंही माझ्यापेक्षा चांगलं लिहितात.

५. मला शाळेत कविता अजिबात आवडायची नाही. मी येऊ का?

या. शक्यता अशी आहे की त्यात माझ्यासारख्या कोणाचा तरी हात होता. 'कवीला येथे काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिला. आता लाज वाटते. कवीला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलेलंच असतं.

६. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. ती काय करणार तिथे?

बहुधा बाकीच्यांना शिकवेल. मराठीत कवितेचा केवढा तरी मोठा साठा लिहिता न येणाऱ्या बायकांनी केला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून, मुळशीच्या गावांपासून सुरुवात करून, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या मोजता मोजता एक लाखाच्या वर गेली. त्यांतल्या बऱ्याच आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळाने आवाजासकट सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. एकदा ऐका. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, भावाने दिलेल्या साडीबद्दल, आंबेडकरांबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल बायका जे बोलल्या ते घरात दुसऱ्या कोणाजवळ बोलता आलं नसतं. पहाटे जात्याची घरघर असे, बाकीचं घर झोपलेलं असे, आणि समोर खुंट्याला हात लावून दुसरी बाई असे. आमची बैठक म्हणजे जात्याशिवाय तेच आहे.

तुमच्या आईंना 'कविता म्हणा' असं म्हणू नका. 'दळताना काय म्हणायचात?' असं विचारा. आधी 'आता कुठलं आठवतंय' म्हणतील. मग चहा होईपर्यंत थांबा.

७. छंद, वृत्त, मात्रा हे यायला लागतं का?

लागत नाही, पण आलं तर मजा येते. अभंगाचं साधं माप आहे: सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि मग चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. बोटांवर मोजून बघा. शनिवारची मुलं हे खेळासारखं करतात. मोठ्यांनाही मी कधी कधी मुद्दाम हे माप देते, विशेषतः ज्यांचं दुःख ताजं आहे त्यांना. मन मोकाट सुटलेलं असतं तेव्हा अक्षरं मोजायचं काम हाताला धरून ठेवतं. मुक्तछंद प्रत्येकाला मुक्त करतोच असं नाही.

८. माझी भाषा शुद्ध नाही. 'आनि-पानि' म्हणते मी. चालेल?

'आनि-पानि'च लिहा. इथे मी लाल पेन आणत नाही. मी पेठेत वाढले, तरी 'पुण्याची भाषा म्हणजे शुद्ध' या समजाने किती जणांच्या वह्या कोऱ्या राहिल्या हे मोजायचं तर कागद पुरणार नाही.

९. तुम्ही प्रत्येक गटात पहिल्यांदा सावित्रीबाईंबद्दल का बोलता? त्या तर शिक्षिका होत्या.

कवयित्रीही होत्या. 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ सालचा. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. 'बावनकशी सुबोध रत्नाकर' १८९२ चं. या दोन पुस्तकांच्या आगेमागे काय काय झालं पाहा. १८४८ पासून मुलींच्या शाळा. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, म्हणजे फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होण्यासाठी सुरक्षित जागा. १८७७ च्या एप्रिलमध्ये त्या जुन्नरकडे ओतूरला होत्या आणि तिथला दुष्काळ पाहून जोतीरावांना पत्र लिहीत होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

आपण याचे तुकडे करतो: समाजसुधारक एकीकडे, कवयित्री दुसरीकडे. त्यांच्या लेखी ते एकच काम असावं असं मला वाटतं. शिकवणं, लिहिणं, जेवू घालणं, उशाशी बसणं. ज्या भिडे वाड्यात १८४८ ची ती पहिली शाळा भरली तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारकासाठी. मी दुसऱ्या दिवशी तिथून गेले. आमच्या मंगळवारच्या एक ताई सोबत होत्या. पत्र्याच्या आडून बघत म्हणाल्या, 'केवढीशी जागा होती!'

एक पोटप्रश्न दर ३ जानेवारीला येतो: मोबाइलवर फिरणारी अमुक कविता सावित्रीबाईंचीच का? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केलेलं, मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं त्यांचं समग्र वाङ्मय आहे. त्यात बघा. तिथे नसेल तर त्यांचं नाव लावून पुढे पाठवू नका.

१०. पुरुषांना प्रवेश आहे का?

गुरुवारी आहे. मंगळवारी नाही. 'हा भेदभाव नाही का?' असं विचारणारे गुरुवारीही आलेले नाहीत.

११. बैठकीत कोणी रडायला लागलं तर काय करता?

थांबते. पाणी पुढे ठेवते. 'रडू नका' म्हणत नाही आणि बाकीच्यांनाही म्हणू देत नाही, पाठीवरून हात फिरवायलाही आधी विचारायला लावते. सगळ्यांनाच हात आवडतो असं नाही. पुढे वाचायचं की थांबायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं. बहुतेक जण वाचतात. त्या दिवशी निघताना त्यांच्या सोबत कोण जाणार हे मात्र मी बघते, आणि संध्याकाळी फोन करते. गोष्ट रडण्याच्या पलीकडची वाटली तर प्रश्न ४.

१२. तिथे बोललेलं बाहेर जाईल का? आमची वस्ती लहान आहे.

जाऊ नये असा करार असतो, आणि बहुतांशी पाळला जातो. शंभर टक्के हमी मी देत नाही. म्हणून पहिले चार आठवडे वस्तूंबद्दलच लिहायचं, माणसांबद्दल नाही. एकमेकींचा अंदाज येऊ द्यायचा.

दोन अपवाद आहेत आणि ते मी आधीच सांगते. कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मला गप्प बसताच येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. शनिवारच्या बैठकीत हे मी मुलांना त्यांच्या भाषेत सांगते: 'तुमची गुपितं माझ्याकडे राहतील, पण तुम्हाला कोणी त्रास देत असेल तर ते मी एकटी सांभाळणार नाही.' मुलांसाठी १०९८ हा क्रमांक वहीच्या आतल्या पानावर लिहून घेतलेला असतो. 'कविता होती, कल्पना असेल' असं म्हणून मोठ्यांनी सोडून द्यायचं नसतं. कल्पना आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही.

१३. बैठकीत तयार झालेली कविता कोणाची? मी फेसबुकवर टाकू शकते का?

जिची तिची. स्वतःची टाका, दुसरीची टाकू नका, कौतुकानेही नाही. कायद्यानेही तसंच आहे: कविता कागदावर उतरली की हक्क कवीचा, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. शेजारणीने लिहून घेतलेल्या कवितेवर हक्क सांगणारीचा. हात उसना दिला म्हणून घास आपला होत नाही.

एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी मला विचारलं होतं, 'वस्तीतल्या भगिनींच्या वेदना' मंचावर सादर कराल का, पंधरा मिनिटं देऊ. मी बायकांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, 'मानधन किती?' आयोजकांनी मानधन नाही, पण व्यासपीठ मिळेल असं कळवलं. एक ताई म्हणाल्या, 'व्यासपीठ घरी न्यायचं कसं, रिक्षात बसंल का?' आम्ही गेलो नाही. त्याच ताईंच्या चार कविता पुढे एका दिवाळी अंकात छापून आल्या, मानधनासकट.

१४. फी किती? आणि तुमचं कसं भागतं?

मंगळवार आणि शनिवार फुकट, गुरुवारी महिना दोनशे, जमलं तर. माझी पेन्शन आहे. वह्या मी अप्पा बळवंत चौकातून घाऊक आणते.

१५. पूर, आग, अपघात असं काही घडलं की लगेच तिथे जाऊन बैठक घ्यावी का? आमच्या तरुण मंडळाची तयारी आहे.

लगेच नको. कळकळ समजते. पण पुराच्या दुसऱ्या दिवशी माणसाला ताडपत्री, कोरडे कपडे, आधार कार्डाची प्रत आणि पंचनामा करणारा माणूस लागतो. मंडळाने ते करावं. अर्ज लिहून द्यावेत. ते लिहिणं त्या घडीला कवितेपेक्षा मोलाचं आहे. २०१९ च्या पुरानंतर मी तीन आठवडे फक्त अर्जच लिहिले.

किती काळ थांबायचं याचं गणित नाही. गुरुवारच्या बैठकीत एक काका आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते शाळकरी होते, नदीकाठच्या पेठेत वडिलांचं भुसारी दुकान होतं. पुढे त्यांचं कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं. या विषयावर ते कधीच बोलले नव्हते. एकदा 'वास' असा विषय दिला आणि त्यांनी लिहिलं की पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं तेव्हा चिखलात फुटलेल्या पोत्यांतल्या मटकीला मोड आले होते. हिरवट, आंबूस वास. तेव्हापासून आजतागायत मोडाची उसळ त्यांच्या घशाखाली उतरलेली नाही. काकू शेजारीच होत्या. म्हणाल्या, 'अहो, आणि मी पन्नास वर्षं समजत होते तुम्हाला पित्ताचा त्रास आहे!'

१६. आमच्या सोसायटीत अशी बैठक सुरू करायची आहे. काय काय लागेल?

सतरंजी, घड्याळ, वेळेवर दार उघडणारा एक माणूस आणि अवघड प्रसंगी फोन करता येईल असा एखादा समुपदेशक. आठ ते बारा जण पुरेत. पंधराच्या पुढे वाचन होत नाही, कार्यक्रम होतो. नियम प्रश्न २ मध्ये आहेत, अपवाद १२ मध्ये. ध्वनिवर्धक आणि प्रमुख पाहुणे आणू नका.

कंपन्यांकडूनही बोलावणं येतं. मी जाते, पण एक अट असते: साहेब आणि त्यांच्या हाताखालचे लोक एकाच गोलात बसवायचे नाहीत. या अटीवर निम्मी बोलावणी संपतात.

१७. इतकं सगळ्यांचं ऐकून तुम्हाला त्रास होत नाही का? तुम्ही कुठे मोकळ्या होता?

होतो. मंगळवारी संध्याकाळी मी कोणाशी बोलत नाही, घरच्यांना सवय झाली आहे. दर महिन्याला एका जाणत्या समुपदेशक बाईंकडे जाऊन बसते, त्यांची फी देते. आणि पर्वती चढते, गुडघे परवानगी देतील तेवढी.

आई गेली तेव्हा चौदा महिने माझ्याकडून एक ओळ झाली नाही. बैठका चालू होत्या, सगळ्यांना विषय देत होते. एका मंगळवारी पिठाच्या डब्याच्या ओवीवाल्या ताईंनीच घड्याळ स्वतःकडे ओढलं आणि म्हणाल्या, 'ताई, आज विषय आम्ही देणार. तुमच्या आईचं अक्षर. बारा मिनिटं.' त्यांना कसं माहीत कोण जाणे. आईने मसाल्याच्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली होती. 'जिरे' पुसट झालं होतं, 'मोहरी' अजून ठळक होतं. मी तेवढंच लिहिलं आणि वाचलं. कोणी वाहवा केली नाही. एक जण म्हणाली, 'मला मोहरी ऐकू आली.'

१८. मंगळवारच्या बैठकीला यायचं तर आधी कळवावं लागतं का?

नाही. दुपारी अडीचला सुरू, चारला संपते, कारण चारनंतर नळाला पाणी येतं. स्वारगेटहून चालत येता येतं. वही-पेन मिळेल, चष्मा आपला आणा. पावसाळ्यात छत्री बाहेर ठेवा. गेल्या वर्षी सतरंजी तीनदा वाळवावी लागली.